अकरावं प्रकरण

१२ जानेवारी

ताई,

वर ‘तीर्थरूप’ लिहून बघितलं, खोडलं. ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. चार वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बहिणीनं एकदम प्रिय म्हणायचं म्हणजे जरा अतीच. म्हणून नुसतं ताई. पत्ता तुझ्या प्रकाशकांकडून मिळवला. त्यांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, वाचक. तेही धड खरं नव्हतं.

पत्र कामाचं आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. मी एका आयरिश कादंबरीवर लिहितेय, तिकडे कित्येक वर्षं बंदी असलेल्या. एका कापडदुकानदाराच्या मुलीनं लिहिलेली. लहानसं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि सगळ्यांच्या घरात काही ना काही झाकलेलं. पुस्तक आलं आणि थोड्याच महिन्यांत बंदी आली. बंदी कशी आली ते वाचून मी थक्क झाले. कुणीतरी पुस्तक विकत घेतलं, जिथे जिथे खटकलं तिथे समासात पेन्सिलीनं उभी रेघ मारली आणि प्रत सेन्सॉर मंडळाकडे पाठवून दिली. मंडळातल्या लोकांना सबंध पुस्तक वाचायला वेळ कुठला? त्यांनी रेघांची पानं तेवढी वाचली आणि निकाल दिला.

आमच्या गाइड मॅडमनी त्या प्रतीच्या पानांची छायाचित्रं एका परदेशी ग्रंथालयातून मागवून दिली आहेत. रेघा सुरुवातीला ठसठशीत आहेत, मग बारीक होत जातात, आणि मध्यावरच्या एका पानानंतर एकही नाही. म्हणजे तक्रार करणारा तिथेच दमला. पुढे अर्धं पुस्तक आहे. त्या अर्ध्यात काय आहे हे बंदी घालणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. हे वाक्य मी प्रबंधात घातलं तेव्हा मॅडम खूश झाल्या. मलाही आपण फार शूर आहोत असं वाटलं.

तर विचारायचं असं की, तू लेखिका आहेस. आपलं पुस्तक आपल्याच माणसांनी दाराबाहेर ठेवलं की लिहिणाऱ्याला नक्की काय होतं? चार ओळी लिहिल्यास तरी चालेल. नाव कुठेही येणार नाही. मॅडमना तू माझी बहीण आहेस हे माहीत नाही. सांगायची वेळ आली नाही, एवढंच.

आई बरी आहे.

तू मला पाठवलेलं पुस्तकाचं पार्सल परत आलं असेल. त्यावर ‘घेण्यास नकार’ हे पोस्टमननं नाही, मी लिहिलं होतं. अक्षर तू ओळखलंच असशील, म्हणून आता सांगायला काही धाडस लागत नाही.

पोपट

३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. बहिणीला चार वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात प्रबंधासाठी चार ओळी मागायच्या, याला काय उत्तर येणार. पेटीत टाकल्यावर माझं मलाच कानकोंडं झालं.

‘आई बरी आहे’ हे खरं नव्हतं. तिचे डोळे गेलेत. म्हणजे सगळे नाही. गेल्या वर्षी गणवेश शिवताना शिलाई खडूच्या रेघेवरून उतरायला लागली. आई आधी मशीनला बोल लावायची, मग सुईला, मग मला. शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे समोरचा माणूस बघायचा तर तिला तोंड दुसरीकडे फिरवावं लागतं. मला बघते तेव्हा चेहरा खिडकीकडे असतो. परवा गॅसवाला चिडला, म्हणाला, मी काय वाईट केलंय यांचं, तोंड फिरवून बोलतात? डॉक्टर म्हणाले, कडाही आत सरकताहेत. किती दिवस राहतील ते त्यांनाही सांगता येत नाही. मशीन आता झाकून ठेवलंय. बसल्या बसल्या बटणं चाचपून वेगळी करते. ती कुठे लागणार आहेत, हे मी विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट. मी प्रबंध तोंडी मांडायची तालीम करत होते. आरशासमोर, हातवारे करून, मोठ्यानं. ‘मंडळाने कादंबरी वाचलीच नाही. त्यांनी दुसऱ्याने मारलेल्या रेघा वाचल्या.’ आई आतल्या खोलीत होती. बटणांचा आवाज थांबला, तेवढंच माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाली, “ते पुस्तक काढ.”

“कुठलं?”

“घरात काय ग्रंथालय आहे? तिचं.”

आत्यानं आणलेली ती प्रत. तुला फक्त निकाल कळलाय, खटला कसा चालला ते नाही. बाबांची बहीण म्हणून आत्याला सगळ्यात आधी झोंबलं. ती पुस्तकात पेन्सिलीनं रेघा मारूनच घेऊन आली, ओट्यावर आपटलं आणि म्हणाली, वाच, लेकीनं काय दिवे लावलेत ते. आईनं उभ्या उभ्या रेघांची पानं वाचली. मग हात पुसले आणि म्हणाली, “हे पुस्तक या घरात नको आणि लिहिणारीही नको.” संध्याकाळी तुझा फोन आला. आई घेईना. तो निरोप मी तुला दिला, शब्द न शब्द. तू माझं नाव पोपट ठेवलंस ते काही उगाच नाही.

नको म्हणाली, पण तिनं ते टाकलंही नव्हतं. मशीनच्या खणात, कपडे बेतायच्या कागदांखाली होतं.

रोज दुपारी मी वाचते. तुझ्याच पुस्तकात काय आहे ते तुला सांगायला नको, पण मी ते पहिल्यांदाच वाचतेय, त्यामुळे राहवत नाही. जमिनीची मोजणी करणारा माणूस, ज्याच्या डोक्यातलीच मोजमापं एक दिवस विस्कटतात. त्याची बायको त्याला मागच्या खोलीत ठेवते, बाहेरून कुलूप. किल्ली कमरेला. दाराखालून सरकवलेलं ताट. आणि पुढच्या दारात धाकटी मुलगी, कुणी आलं की म्हणायला, “बाबा मोजणीला गेलेत, कधी येतील माहीत नाही.” लोकांना खरं वाटायचं, कारण बाबा आधीही महिनोन्‌महिने मोजणीला जायचेच. माणूस परत फिरला की आई मला एक गोळी द्यायची. लिंबाची. तू गोळीसुद्धा सोडली नाहीस, ताई.

आत्याच्या रेघा कुलपावर आहेत, किल्लीवर आहेत, ताटावर आहेत. घराची अब्रू जिथे जिथे जाते असं तिला वाटलं, तिथे तिथे. सातव्या प्रकरणानंतर एकही रेघ नाही. आत्याही दमली.

आई ऐकताना गप्प बसत नाही. “तो चष्मा काळा नव्हता, तपकिरी होता.” “एवढं मीठ मी कधी घातलंय?” एकदा चक्क हसली. मग पुस्तकात बाबांचे ते मित्र आले, डॉक्टरकाका. त्यांनी कळवलं होतं की मी गाडी घेऊन येतो, याला माझ्या इस्पितळात ठेवून घेतो, बरा होईल. तिथे आईनं मला थांबवलं.

“आला का तो? सगळे तोंडदेखले. मी वाट बघून बघून थकले. मग ह्यांना ताप आला आणि संपलंच. आणि गेल्यावर हा भेटायला यायला निघाला! मी कळवलं, फिरकू नका.”

मी पाणी प्यायले आणि पुढचं पान उलटलं.

पोपट

१९ फेब्रुवारी

ताई,

पुस्तक वाचून संपलं.

तुला बरं वाटेल असं काही लिहायला हवं, पण माझ्याकडे नाही. शेवटचं वाक्य झालं. आईनं विचारलं, “संपलं?”

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे तिच्या लेखी मी नुसती किल्लीच.” तिनं बटणांचा डबा मांडीवरून खाली ठेवला. “मला वाटलं होतं, आत्यानं रेघा मारल्या नाहीत तिथे काहीतरी असेल. ठेव परत.”

मी म्हटलं, ताईला फोन लावू का? म्हणाली, “कशाला? तिला आई दिसलीच नाही. आता मला ती दिसली काय, न दिसली काय.”

हे तुला लागावं म्हणूनच लिहितेय. आई चार वर्षांनी आपणहून तुझ्याकडे वळली होती. डोळे पुरते जायच्या आत एकदा तुला बघावं, हे तिच्या मनात होतं. तिनं बोलून दाखवलं नाही, पण दर दुपारी पुस्तक उघडायच्या आधी ती केस नीट करून बसायची, जसं काही कुणी येणार आहे. तू तिच्याबद्दल दोन बऱ्या ओळी लिहिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? तुम्हा लेखकांना जगाची कणव येते आणि घरच्यांच्या वेळी शाई संपते. ती कुलूप लावायची हे खरं. पण ती तेवढीच होती का?

मी माझ्याकडून अगदी नीट वाचलं. घाई केली नाही.

परवा माझी तोंडी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. शुभेच्छा मागत नाही.

पोपट

२ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनंतर तुझं अक्षर, आणि तेही एकच ओळ. ‘अकरावं प्रकरण वाचलंस?’ खाली सहीसुद्धा नाही.

कार्ड दारातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. आई आतून विचारत होती, कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. बघ, तोंडातून आपोआप निघतं.

नाही वाचलं. म्हणजे मी वाचलं, आईला वाचून दाखवलं नाही. सकाळी भाजी चिरायच्या आधी मी रोज दुपारची पानं चाळून ठेवायचे, अडखळायला नको म्हणून. त्या दिवशी अकरावं चाळलं आणि भाजी चिरायची राहूनच गेली. दुपारी दहावं संपवलं, बोटानं पुढची सगळी पानं एकत्र धरली आणि बारावं सुरू केलं. आई ऐकत होती. तिला काही कळायचं कारणच नव्हतं. कुठून कुठे उडी मारायची ते चुकू नये म्हणून मी सकाळीच समासात खूण करून ठेवली होती. पेन्सिलीनं. बारीक उभी रेघ.

हे मी, ताई. वर्षभर त्या आयरिश तक्रारदाराला नावं ठेवत असलेली मी.

मनाशी कारण तयार होतं. आईचा रक्तदाब. तिच्या जिवाला त्रास नको. मंडळाच्या अहवालातही असंच गोड लिहिलंय, वाचकांच्या हितासाठी म्हणून. पण ते प्रकरण मी आईसाठी गाळलं नाही. माझ्यासाठी गाळलं.

तू लिहिलंयस ते मला आता पाठ आहे. अभ्यास चुकवून तू पाण्याच्या टाकीवर चढून बसली होतीस. तिथून एकीकडे मागच्या खोलीची खिडकी दिसते आणि दुसरीकडे पुढचं दार. मागच्या खोलीत आई आहे. दार आतून लावून घेतलेलं. किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर पडलीय. बाबा कंगव्याला घाबरतात, म्हणून ती आधी कंगवा त्यांच्या हातात देते आणि त्यांच्यासमोर पाठ करून बसते. ते तिचे केस विंचरतात. मग ती त्यांचे. विंचरताना ती त्यांना गणवेशांची मापं सांगते, छाती अठ्ठावीस, बाही साडेअकरा, आणि बाबा एकेक आकडा परत म्हणतात, हळूहळू, आणि त्यांचा थरथरणारा हात शांत होतो. आई हसते. तू लिहिलंयस, ‘त्या घरात कुलपाच्या आतही एक घर होतं आणि ते बाहेरच्यापेक्षा सुखी होतं.’

आईला हवं होतं ते सगळं इथे होतं. ती केस नीट करून ज्याची वाट बघत बसायची, ते.

आणि त्याच वेळी पुढच्या दाराशी पांढरी गाडी थांबते. डॉक्टरकाका उतरतात. पायरीवर मी. तू म्हणतेस, त्यांनी वाकून विचारलं, “बाळा, बाबा आत आहेत ना?” मी म्हणाले, “बाबा मोजणीला गेलेत, कधी येतील माहीत नाही.” ते म्हणाले, “बरं, आईला बोलाव.” आणि मी म्हणाले, “आई पण घरी नाही.”

मला ते आठवतं. मी सहा वर्षांची होते वगैरे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पहिलं वाक्य पढवलेलं होतं. दुसरं माझ्या मनाचं होतं. आईला बोलावलं असतं तर ते आत आले असते, आत आलेला माणूस लवकर जात नाही, आणि माणूस गेल्याशिवाय गोळी मिळत नाही. काकांनी माझ्या गालाला हात लावला, थोडा वेळ बंद खिडक्यांकडे बघितलं आणि गाडी वळवली. आई बाहेर आली तेव्हा मी पायरीवर नव्हते, खेळायला गेले होते. गोळी मागायचंसुद्धा विसरले. पुढे ‘तो आलाच नाही’ असं आई म्हणू लागली तेव्हा मला कळलं, आणि तेव्हापासून मी मूग गिळून बसलेय.

तू स्वतःलाही सोडलं नाहीस. ‘टाकीवरच्या मुलीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. का, ते तिला आजही सांगता येत नाही.’ फरक एवढाच की तू ते लिहिलंस. मी तुझं लिहिलेलं झाकलं आणि वर तुलाच पत्र पाठवून विचारलं, आईबद्दल दोन बऱ्या ओळी का नाही लिहिल्यास. माझं ते पत्र आठवलं की मला तोंड लपवायला जागा सापडत नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते पत्र फाडून टाक, ताई. की नको, ठेव. फाडाफाडी पुरे झाली.

तोंडी परीक्षेचं ऐक. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन गृहस्थ होते. माझी मांडणी त्यांना आवडली. शेवटी सहज म्हणाले, “हे सगळं दूरदेशीचं आणि जुनं झालं. तुमच्या स्वतःच्या पाहण्यात असं एखादं पुस्तक आहे का?” मॅडम कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, “नाही, सर.”

चांगले गुण पडलेत, असं मॅडम म्हणाल्या.

आज रविवार. उद्या दुपारी मी आईला अकरावं प्रकरण वाचून दाखवणार आहे. हे तुला लिहून ठेवतेय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

पोपट

९ मार्च

ताई,

वाचलं. पण सोमवारी नाही, बुधवारी. सोमवारी आईचं डोकं दुखत होतं, मंगळवारी माझं. ते तूच समजून घे.

आधी सांगितलं की एक प्रकरण राहिलंय. आई म्हणाली, “राहिलंय की ठेवलंयस?” मी म्हटलं, ठेवलंय. तिनं बटणांचा डबा बाजूला केला.

कंगव्याचा भाग वाचताना माझा आवाज बरा होता. आईचा चेहरा खिडकीकडे होता, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती. बाही साडेअकरा आलं तशी ती म्हणाली, “थांब. हे तिनं कुठून बघितलं?”

“टाकीवरून.”

“टाकीवर चढायचं नाही म्हणून बजावलं होतं कार्टीला!” आणि मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. “मला वाटायचं, ते कुणालाच माहीत नाही,” असं दोनदा म्हणाली. “मला वाटायचं, माझ्याबरोबरच जाईल ते. परत वाच.” मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाबांचे आकडे तीच म्हणत होती.

तिथेच थांबायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. तिचं समाधान झालं होतं, तुझ्यावरचा राग गेला होता, पुढचं पान कुणी मागितलं नव्हतं. मी पुस्तक मिटलंसुद्धा. मग समासातली माझी रेघ आठवली आणि पुन्हा उघडलं.

पांढरी गाडी आली. आई ताठ झाली. मी वाचत राहिले. “आई पण घरी नाही” हे वाक्य मी वाचलं, तुझ्या शब्दांत, माझ्या तोंडानं, दुसऱ्यांदा. प्रकरण संपलं. ती म्हणाली, “आणि मी आत हसत होते.”

मग उठली, भिंत चाचपत आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढून घेतलं, ताट उचलून ठेवलं. मी काय वाटेल ते ऐकायला तयार होते. शुक्रवारी संध्याकाळी मी कपडे घड्या करत होते, तेव्हा ती येऊन शेजारी बसली.

“‘मोजणीला गेलेत’ हे मी पढवलं. ते माझं,” ती म्हणाली. “लोक काय म्हणतील, तुमची लग्नं कशी होतील, माझ्याकडे कोण कपडे शिवायला देईल, याच भीतीनं मी कुलूप लावलं आणि तुला दारात बसवलं. सहा वर्षांच्या पोरीला. ते मला फेडायचंय. पण ‘आई घरी नाही’ हे मी नव्हतं पढवलं.”

“नाही.”

“मी घरीच होते गं.”

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं ते उचललं नाही आणि बाजूलाही केलं नाही. बऱ्याच वेळानं एक हात केसांवर आला. माफ केलं असं ती म्हणालेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

काल तिनं मला डॉक्टरकाकांचा नंबर शोधायला लावला. ते आता थकलेत, फोनवर नीट ऐकू येत नाही. आई ओरडून ओरडून म्हणत होती, “तुम्ही आला होतात! मला आता कळलं, तुम्ही आला होतात!” पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आई मात्र फोन ठेवल्यावर म्हणाली, “त्याला वाटायचं, आपणच दार ढकलून आत जायला हवं होतं. इतकी वर्षं तेच घोकतोय बिचारा.”

मॅडमनाही भेटले. सांगितलं की परीक्षकांना मी खोटं उत्तर दिलं, माझ्या पाहण्यात असं पुस्तक आहे, ते माझ्या बहिणीचं आहे, आणि बंदी घालणाऱ्यांत मी आहे. त्यांनी आधी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “मग हे आधी नाही का सांगायचं? केवढं चांगलं शेवटचं प्रकरण झालं असतं!” मला हसावं की रडावं ते कळेना. प्रत बांधायला टाकायच्या आत एक पान बदलायला त्यांनी परवानगी दिलीय. ‘त्या अर्ध्यात काय आहे हे बंदी घालणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं’ हे वाक्य काढून टाकलं. काहींना ठाऊक असतं. त्यांच्याविषयी अर्धं पान लिहिलंय.

आता आईचा निरोप. तिनं शेजारी बसून सांगितलाय आणि मी शब्दाला शब्द लिहितेय. मध्ये काही घालणार नाही, काही गाळणार नाही.

“तिला लिही, बाही साडेअकरा नव्हती, सव्वाअकरा होती, छापताना विचारायचं होतं. लिही, घरातलं असं चव्हाट्यावर मांडलंस याचा मला अजून राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. लिही, आत्या आली तर मी बघून घेईन. लिही, कडा आत सरकताहेत, येणार असशील तर मला दिसतंय तोवर ये, नंतर येऊन मला नुसते हात लावत बसू नकोस. आणि ते पुस्तक मशीनवर ठेवलंय, खणात नाही.”

झालं. एवढंच सांगितलं, आणि डबा मांडीवर घेतला.

माझं एक राहिलंय. आलीस तर दार मी उघडीन. आई घरी आहे असं सांगीन आणि बाजूला होईन. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पण आत गेल्यावर एक लक्षात ठेव. आई समोरच खुर्चीत असेल. तुझी चाहूल लागली की ती तोंड फिरवेल, खिडकीकडे. रागानं फिरवलं असं समजून तशीच मागे फिरू नकोस, ताई. तोंड फिरवल्याशिवाय तू तिला दिसणार नाहीस.

पोपट